स्वतःची अपरिवर्तनीय लिनक्स प्रणाली: इमेज घडवण्यापासून यंत्रावर बसवण्यापर्यंत

घरातल्या तीन संगणकांवर एकसारखी प्रणाली असावी, तिन्हींवर मराठी टंकलेखनाची, स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर काढण्याची आणि एका जुन्या प्रिंटरची सोय पहिल्या दिवसापासून असावी, एवढ्या साध्या गरजेतून मी या वाटेला लागलो. त्यांपैकी एक संगणक आईवडिलांकडे, साताऱ्याजवळच्या गावी आहे. पूर्वी मी प्रत्येक यंत्रावर तीच पॅकेजे हाताने बसवत असे आणि सहा महिन्यांनी कोणत्या यंत्रावर नेमके काय बदलले होते, हे मलाच सांगता येत नसे. आता यंत्राला हात लावण्याऐवजी त्याची पाककृती एका फाइलमध्ये लिहितो, तिच्यावरून इमेज, म्हणजे संपूर्ण प्रणालीचा साचा, तयार होते आणि तिन्ही यंत्रे ती इमेज उचलतात. ती कशी घडवायची आणि कशी बसवायची, ते पुढे क्रमाने दिले आहे. लेखातील कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत, बहुतेक ठिकाणी लहान अक्षरांत लिहावीत.

आधी रचना

उदाहरणासाठी फेडोरा सिल्व्हरब्लू ही अपरिवर्तनीय लिनक्स प्रणाली घेतली आहे. पूर्वी ॲटॉमिक वर्कस्टेशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रणालीला २०१८ मध्ये हे नाव मिळाले आणि २०२४ पासून ती, केडीई हा डेस्कटॉप वापरणारी किनोइट आणि त्यांची इतर भावंडे फेडोरा ॲटॉमिक डेस्कटॉप्स या नावाखाली एकत्र आली. तिच्यात 'यूएसआर' ही डिरेक्टरी, म्हणजे जवळजवळ सगळी प्रणाली, केवळ वाचनासाठी असते. अपडेट आले की चालू प्रणालीतल्या फाइली बदलल्या जात नाहीत. शेजारी नव्या प्रणालीचा पूर्ण संच मांडला जातो आणि संगणक पुन्हा सुरू होताना त्या संचावरून बूट होतो. हे काम ओएसट्री हे साधन करते. दोन्ही संचांत सारख्या असलेल्या फाइली डिस्कवर एकदाच साठवल्या जात असल्यामुळे जागा दुप्पट लागत नाही. अपडेट चालू असताना वीज गेली, तर जुना संच जसाच्या तसा शाबूत असतो, आणि गावाकडच्या त्या विना-यूपीएस संगणकासाठी मला याहून मोठे कारण लागले नाही.

'अपरिवर्तनीय' हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. 'ईटीसी' आणि 'व्हार' या दोन डिरेक्टरी लिहिण्यासाठी मोकळ्या असतात. वापरकर्त्यांच्या घरडिरेक्टरीही प्रत्यक्षात 'व्हार'मध्येच असतात. मूळ डिरेक्टरीतले 'होम' हा केवळ तिकडे नेणारा दुवा आहे. 'ईटीसी'चे प्रत्येक अपडेटच्या वेळी त्रिपक्षीय विलीनीकरण होते: जुन्या इमेजमधली मूळ फाइल, नव्या इमेजमधली फाइल आणि यंत्रावर बदललेली फाइल यांची तुलना होते, आणि तुम्ही यंत्रावर बदललेली फाइल असेल तर तुमचीच टिकते. याचा अर्थ असा की एखाद्या यंत्रावर 'ईटीसी'मधील फाइल एकदा हाताने बदलली, की इमेजमधून पाठवलेली तिची सुधारित आवृत्ती त्या यंत्राला कधीच लागू होत नाही, आणि तसे कोणी सांगतही नाही. 'ओएसट्री ॲडमिन कॉन्फिग-डिफ' ही कमांड अशा बदललेल्या फाइलींची यादी देते. यंत्र विचित्र वागू लागले की मी सर्वप्रथम तीच चालवतो.

इमेजमध्ये काय घालावे

नवशिक्यांची चूक इथे होते, आणि माझीही झाली. पहिल्या इमेजमध्ये मी ब्राउझरपासून व्हिडिओ संपादकापर्यंत सारे कोंबले होते. आज तिच्यात डझनभरही पॅकेजे नाहीत. खिडकीत उघडणारी ॲप्स फ्लॅटहब या ॲप-भांडारावरून फ्लॅटपॅक (प्रणालीपासून वेगळी राहणारी पॅकेजे) म्हणून घ्यावीत, प्रोग्रामिंगची साधने डिस्ट्रोबॉक्स किंवा टूलबॉक्सच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रणालीपासून अलग कप्प्यात, ठेवावीत आणि ज्याचे प्रणालीच्या मुळाशी असण्यावाचून चालतच नाही, तेवढेच इमेजमध्ये घालावे: ड्रायव्हर, यूडेव्हचे (जोडलेली उपकरणे ओळखण्याचे) नियम, टंकलेखनाचे इंजिन, सर्वांसाठीचे फाँट, एखादे व्हीपीएन. फ्लॅटपॅक 'व्हार'मध्ये साठवले जात असल्याने ते इमेजबरोबर जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. त्यांची यादी वेगळी ठेवून पहिल्या बूटनंतर बसवावी लागते.

तयारी

पॉडमन (कंटेनर घडवणारे), गिट (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारे) आणि जस्ट (ठरलेल्या कमांड चालवणारे) ही साधने असलेला एक लिनक्स संगणक, गिटहबवरील खाते आणि डिस्कवर ४०-५० जीबी मोकळी जागा एवढे पुरते. कोरी फाइल उघडून सुरुवात करण्याची गरज नाही. युनिव्हर्सल ब्लू प्रकल्पाने, ज्यातून ब्लूफिन आणि बझाइट या प्रणाली आल्या, 'इमेज-टेम्प्लेट' नावाची रिपॉझिटरी (फाइलींचे भांडार) तयार ठेवली आहे. तिच्या पानावरील 'यूज धिस टेम्प्लेट' हे बटण दाबून आपल्या खात्यात सार्वजनिक प्रत करून घ्यावी. ब्लूबिल्ड नावाचा दुसरा प्रकल्प हेच काम यॅमल फाइलमधल्या पाककृतीवरून करून देतो आणि तो सोपाही आहे. पण आत काय चालले आहे हे कळावे म्हणून निदान पहिली इमेज साध्या कंटेनरफाइलने, म्हणजे इमेजच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलने, घडवावी, असे माझे मत आहे.

इमेज आपलीच आहे हे पुढे तपासता यावे, म्हणून लगेच स्वाक्षरीची किल्ली तयार करावी. 'कोसाइन जनरेट-की-पेअर' चालवल्यावर पासवर्ड विचारला जातो. तिथे काहीही न लिहिता दोनदा एंटर दाबावे, कारण बिल्ड करणाऱ्या, म्हणजे इमेज घडवणाऱ्या, सर्व्हरवर पासवर्ड टंकायला कोणी बसलेले नसते. 'कोसाइन डॉट की' आणि 'कोसाइन डॉट पब' अशा दोन फाइली तयार होतात. सार्वजनिक किल्ली, म्हणजे 'पब', रिपॉझिटरीत ठेवावी. खासगी किल्लीचा मजकूर रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमधील ॲक्शन्सच्या (गिटहबच्या आपोआप बिल्ड करणाऱ्या सेवेच्या) सीक्रेट्समध्ये 'साइनिंग_सीक्रेट' या नावाने, मोठ्या रोमन अक्षरांत, चिकटवावा. ही फाइल चुकून रिपॉझिटरीत गेलीच तर नुसती पुसून भागत नाही, ती गिटच्या इतिहासात राहते. अशा वेळी नवी जोडीच तयार करावी.

कंटेनरफाइल

अपरिवर्तनीय डेस्कटॉपची इमेज ही आता साध्या कंटेनर इमेजच्याच रूपात बनते; फरक एवढाच की तिच्यात कर्नलही असतो आणि बूट-सी (कमांडमध्ये 'बूटसी') हे साधन तिच्यावरून प्रत्यक्ष यंत्र बूट करते. कंटेनरफाइलची 'फ्रॉम' ही ओळ पाया ठरवते. टेम्प्लेटमध्ये जो पाया दिलेला असेल तो न तपासता ठेवू नये. मी युनिव्हर्सल ब्लूची 'सिल्व्हरब्लू-मेन' घेतो, कारण फेडोराच्या मूळ इमेजमध्ये पेटंटच्या अडचणीमुळे नसलेले व्हिडिओ कोडेक तिच्यात असतात. टॅग, म्हणजे इमेजच्या नावापुढची आवृत्तीची खूण, म्हणून 'लेटेस्ट' न लिहिता फेडोराच्या आवृत्तीचा आकडा लिहावा. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते, आणि ती आपल्या यंत्रांवर कधी यायची हे आपण ठरवावे, एखाद्या मंगळवारी सकाळी आपोआप ठरू नये.

पुढचे काम 'बिल्ड डॉट एसएच' या स्क्रिप्टमध्ये होते. तिच्या सुरुवातीच्या 'सेट' ओळीतला 'ई' आणि 'पाइपफेल' काढू नयेत. त्यांच्यामुळे एखादी पायरी चुकताच बिल्ड थांबते, अर्धवट इमेज पुढे जात नाही. त्यानंतर माझ्या स्क्रिप्टची पहिली खरी ओळ अशी आहे: 'डीएनएफ५ इन्स्टॉल -वाय आयबस-एम१७एन टेसरॅक्ट टेसरॅक्ट-लँगपॅक-मार'. पहिले पॅकेज इनस्क्रिप्टसह मराठीच्या कळफलकांसाठी, उरलेली दोन छापील मराठी मजकूर ओळखण्यासाठी. फाँटसाठी मी मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्ता वापरतो. त्याच्या फाइली रिपॉझिटरीत ठेवून 'कॉपी' या ओळीने 'यूएसआर/शेअर/फॉन्ट्स'मध्ये उतरवतो आणि शेवटी 'एफसी-कॅश -एफ' चालवतो. त्याचा परवाना मुक्त असल्याने सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवायला अडचण नाही. विकत घेतलेल्या फाँटबाबत तसे करता येणार नाही.

कळफलक प्रत्येक वापरकर्त्याला आपोआप मिळावा, यासाठी नोम या डेस्कटॉपच्या मूळ सेटिंग्ज बदलाव्या लागतात. 'यूएसआर/शेअर/जीलिब-२.०/स्कीमाज' या डिरेक्टरीत 'जीस्कीमा डॉट ओव्हरराइड' या शेपटाची फाइल ठेवून तिच्यात 'इनपुट-सोर्सेस'मध्ये इंग्रजी आणि मराठी या दोन्ही मांडण्या लिहाव्यात, आणि स्क्रिप्टमध्ये 'जीलिब-कंपाइल-स्कीमाज' ही कमांड 'स्ट्रिक्ट' पर्यायासह चालवावी. मराठी इंजिनाचे नेमके नाव 'आयबस लिस्ट-इंजिन' सांगते. ते अंदाजाने लिहू नये. ज्या वापरकर्त्याने आधीच आपली मांडणी निवडली आहे, त्याला मात्र या बदलाने फरक पडत नाही.

आता प्रिंटर. त्याच्या ड्रायव्हरने माझे दोन रविवार खाल्ले. पॅकेज विनातक्रार बसले, बिल्ड हिरवी झाली, यंत्र सुरू झाले, पण प्रिंटरचा फिल्टर सापडत नसल्याची चूक येत राहिली. कारण असे की हा ड्रायव्हर आपल्या फाइली 'ऑप्ट'मध्ये ठेवतो आणि या प्रणालींत 'ऑप्ट' हा 'व्हार/ऑप्ट'कडे नेणारा दुवा असतो. इमेजच्या 'व्हार'मध्ये घातलेली गोष्ट फार तर पहिल्यांदा प्रणाली बसवताना यंत्रावर उतरते. आधीच चालू असलेल्या यंत्राला अपडेटबरोबर ती मिळत नाही, कारण 'व्हार' हा यंत्राचा स्वतःचा प्रांत आहे. उपाय एका ओळीचा आहे. पॅकेज बसवण्यापूर्वी कंटेनरफाइलमध्ये 'रन आरएम /ऑप्ट && एमकेडीर /ऑप्ट' असे लिहावे, म्हणजे दुवा जाऊन खरी डिरेक्टरी तयार होते आणि ती इमेजचा भाग बनते. काही लोकप्रिय ब्राउझरही 'ऑप्ट'मध्येच बसतात, तेव्हा ही ओळ अनेकांच्या कामी येईल.

याच जातीची आणखी एक गाठ गटांची आहे. सिरियल पोर्ट वापरण्यासाठी वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घालू पाहावे, तर असा गटच नाही असे उत्तर मिळते, कारण त्याची नोंद 'ईटीसी/ग्रुप'मध्ये नसून 'यूएसआर/लिब/ग्रुप'मध्ये असते. ती एक ओळ तिथून 'ईटीसी/ग्रुप'मध्ये उतरवून घेतली की 'यूजरमॉड' नेहमीप्रमाणे चालते. इमेजमध्ये नवा प्रणाली-वापरकर्ता हवाच असेल, तर 'यूजरॲड' न वापरता 'सिसयूजर्स डॉट डी'मध्ये त्याची घोषणा करावी, आणि 'व्हार'मध्ये डिरेक्टरी हवी असेल तर 'टीएमपीफाइल्स डॉट डी'मध्ये. कंटेनरफाइलची शेवटची ओळ 'बूटसी कंटेनर लिंट' असावी. अशा बऱ्याच चुका ती बिल्डच्या वेळीच दाखवते.

आधी आभासी यंत्रावर

इमेज आपल्याच संगणकावर 'जस्ट बिल्ड'ने घडवावी, मग 'जस्ट बिल्ड-क्यूकाउ२'ने तिची आभासी डिस्क करावी आणि 'जस्ट रन-व्हीएम-क्यूकाउ२'ने ती चालवून पाहावी. मागे काम करते ते बूटसी-इमेज-बिल्डर, आणि त्याला रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार लागतात. डिस्क तयार करण्यापूर्वी 'डिस्क डॉट टॉमल' या फाइलमध्ये एक वापरकर्ता, त्याचा पासवर्ड आणि 'व्हील' हा प्रशासकांचा गट लिहून ठेवावा, नाहीतर प्रणाली दिमाखात सुरू होते आणि आत शिरायला दारच सापडत नाही. हा चाचणीचा पासवर्ड सार्वजनिक रिपॉझिटरीत ढकलू नये.

आभासी यंत्रात तीन गोष्टी मी न चुकता पाहतो: एखाद्या संपादकात जोडाक्षरे नीट टंकली जातात का ('ज्ञ', 'र्‍या' आणि 'क्ष' एवढी तीन पुरतात), 'सिस्टमसीटीएल' 'फेल्ड' पर्यायासह चालवल्यावर यादी रिकामी येते का, आणि यंत्र दुसऱ्यांदाही बूट होते का. पहिले बूट यशस्वी होऊन दुसरे अडकल्याचा अनुभव मी घेतला आहे.

गिटहबवरील रोजची बिल्ड

बदल ढकलले की गिटहब ॲक्शन्समध्ये इमेज तयार होऊन, स्वाक्षरीसह, गिटहबच्या कंटेनर रजिस्ट्रीत जाते. सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी ही सेवा विनामूल्य आहे. ठरावीक वेळेच्या बिल्डसाठीची क्रॉनची (वेळापत्रकाची) ओळ जागतिक वेळेत लिहिलेली असते. आपली वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्री दोनला बिल्ड हवी असेल तर तिथे आदल्या दिवसाचे २०:३० लिहावे. रजिस्ट्रीतील पॅकेज खासगी राहिले असेल तर ते सार्वजनिक करावे, नाहीतर यंत्राला प्रवेश नाकारला जातो. खात्याच्या नावात मोठी रोमन अक्षरे असली, तरी इमेजच्या पत्त्यात सगळी लहानच लिहावीत.

एक अट सहज नजरेआड होते: सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीही हालचाल झाली नाही, तर गिटहब तिची वेळापत्रकी बिल्ड बंद करते. यंत्रे रोज नवी इमेज विचारत राहतात, तीच जुनी मिळत राहते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेल्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मी कॅलेंडरमध्ये दर महिन्याची आठवण लावली आहे.

प्रत्यक्ष यंत्रावर

एकदोन यंत्रे असतील तर सोपी वाट अशी की आधी मूळ सिल्व्हरब्लू नेहमीच्या पद्धतीने बसवावी आणि मग आपल्या इमेजकडे वळावे. फेडोरा मीडिया रायटरने पेनड्राइव्ह तयार करावा, अ‍ॅनाकोंडा इन्स्टॉलरमध्ये संपूर्ण डिस्क द्यावी आणि लॅपटॉप असेल तर एन्क्रिप्शनची चौकट निवडावी. विंडोज शेजारी ठेवायचीच असेल, तर ती वेगळ्या डिस्कवर असू द्यावी. एकाच डिस्कवर दोघांचा संसार थाटण्याच्या भानगडीत पडू नये. जुन्या माहितीची प्रत आधी काढून ठेवावी, हे सांगायला नकोच.

प्रणाली सुरू झाल्यावर 'आरपीएम-ओएसट्री रीबेस' ही यंत्राला दुसऱ्या इमेजवर नेणारी कमांड द्यावी आणि तिच्यापुढे 'ओएसट्री-अनव्हेरिफाइड-रजिस्ट्री', अपूर्णविराम आणि आपल्या इमेजचा पूर्ण पत्ता लिहावा. ही उतरवणी काही जीबींची असते. मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती उरकेल अशी आशा करू नये. गावच्या संगणकासाठी मी हे काम पुण्यात फायबरवर उरकून मगच यंत्र एसटीने नेले. पुढच्या अपडेटमध्ये बदललेले थरच उतरवले जातात, पण तेही किरकोळ नसतात.

पुन्हा सुरू केल्यावर 'आरपीएम-ओएसट्री स्टेटस' पाहावे. दोन नोंदी दिसतात: एकीच्या आधी काळा ठिपका असतो, ती सध्या चालू असलेली, तिच्यापुढे आपल्या इमेजचा पत्ता दिसायला हवा. दुसरी म्हणजे कालची मूळ सिल्व्हरब्लू, जी गरज पडल्यास बूटच्या मेनूतून निवडता येते.

यंत्रे अनेक असतील किंवा जागेवर इंटरनेट तोकडे असेल, तर 'जस्ट बिल्ड-आयएसओ'ने स्वतःचा इन्स्टॉलर बनवावा. त्याआधी 'आयएसओ डॉट टॉमल' ही फाइल उघडून तिच्यातल्या किकस्टार्टमधील (इन्स्टॉलरसाठीच्या सूचनांमधील) 'बूटसी स्विच'च्या ओळीत आपल्या इमेजचा पत्ता घालावा. तो घातला नाही, तर प्रणाली आपलीच बसते, पण पुढची अपडेट टेम्प्लेटमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर शोधत राहते.

स्वाक्षरीची सक्ती

आतापर्यंत इमेजवर स्वाक्षरी आहे, पण यंत्र ती तपासत नाही. त्यासाठी तीन गोष्टी इमेजमध्ये घालाव्या लागतात. सार्वजनिक किल्ली 'ईटीसी/पीकेआय/कंटेनर्स'मध्ये ठेवावी. 'ईटीसी/कंटेनर्स/रजिस्ट्रीज डॉट डी'मध्ये एक छोटी यॅमल फाइल ठेवून तिच्यात आपल्या पत्त्यासाठी 'यूज-सिगस्टोअर-अटॅचमेंट्स' खरे करावे. आणि 'पॉलिसी डॉट जेसन'मध्ये मूळ धोरण 'रिजेक्ट' करून आपल्या पत्त्यासाठी 'सिगस्टोअरसाइन्ड' आणि किल्लीचा मार्ग लिहावा. मूळ धोरण नाकारण्याचे केले की डिस्ट्रोबॉक्सच्या इमेजही अडतात. म्हणून 'डॉकर' वाहतुकीखाली इतर सर्व पत्त्यांना मुभा देणारी नोंद त्याच फाइलमध्ये ठेवावी. ही इमेज यंत्रावर आल्यावर 'बूटसी स्विच' ही कमांड 'एन्फोर्स-कंटेनर-सिगपॉलिसी' पर्यायासह त्याच पत्त्यावर चालवावी. हे सगळे आभासी यंत्रावर करून पाहिल्याशिवाय दूरच्या यंत्रावर करू नये, कारण धोरणात एक स्वल्पविराम चुकला तरी अपडेट थांबते.

नांदवणे

आपोआप अपडेटसाठी 'आरपीएम-ओएसट्रीडी डॉट कॉन्फ'मध्ये धोरण 'स्टेज' ठेवून 'आरपीएम-ओएसट्रीडी-ऑटोमॅटिक' हा टायमर इमेजमध्येच चालू करावा. नवी इमेज पार्श्वभूमीवर उतरते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू करताना लागू होते. बूट-सीचा स्वतःचा टायमर अपडेटनंतर यंत्र पुन्हा सुरूही करतो. सर्व्हरसाठी ते ठीक, पण वडील अर्धे पत्र टंकून बसलेले असताना ते परवडत नाही. यंत्रावर 'आरपीएम-ओएसट्री इन्स्टॉल'ने सुटी पॅकेजे चढवण्याचा मोह टाळावा. अशी पॅकेजे चढवली असतील तर बूट-सी अपडेट करण्यास नकार देते आणि मग 'आरपीएम-ओएसट्री रीसेट' करून ती उतरवावी लागतात. जे हवे ते कंटेनरफाइलमध्ये लिहावे.

अपडेट बिघडले तर 'आरपीएम-ओएसट्री रोलबॅक' किंवा 'बूटसी रोलबॅक' मागची प्रणाली परत आणते. मात्र ती नेमके काय मागे नेते, हे जाणून असावे. 'व्हार', म्हणजे आपली कागदपत्रे, आजच्या स्थितीतच राहतात. 'ईटीसी' मात्र प्रत्येक संचाची स्वतंत्र असते, त्यामुळे अपडेटनंतर बदललेला पासवर्ड रोलबॅक करताच जुना होतो. आईने फोनवर "परवाच तर बदलला, आता घेतच नाही" असे सांगितले, तेव्हा हे मला समजायला अर्धा तास लागला होता.

फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण १३ महिने आधार मिळतो. नव्या आवृत्तीकडे जाताना 'फ्रॉम' ओळीतला आकडा वेगळ्या शाखेवर बदलावा, ती इमेज वेगळ्या नावाने घडवून आधी आभासी यंत्रावर आणि मग स्वतःच्या यंत्रावर आठवडाभर वापरावी. दूरच्या यंत्रावर ती पाठवण्यापूर्वी तिथे 'ओएसट्री ॲडमिन पिन ०' चालवून तेव्हाचा चालू संच खिळवून ठेवावा, म्हणजे पुढे कितीही अपडेट आली तरी तो पुसला जात नाही. नव्या आवृत्तीवर प्रिंटर आणि कळफलक दोन्ही चालल्याची खात्री फोनवरून झाली, की 'अनपिन' पर्यायाने तो मोकळा करावा, पण त्याआधी 'स्टेटस'मध्ये त्याचा क्रमांक पाहून घ्यावा, कारण मधल्या काळात तो ० राहिलेला नसतो.